तेलुगू दिग्दर्शक के. विश्वनाथ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

के. विश्वनाथ यांच्या चित्रपटांविषयी मराठी वाचकांकडून सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्या प्रेक्षकासाठी आहेत आणि पुढे अधिक बारकाव्याचे होत जातात. ज्या मुद्द्याचे उत्तर दुसरीकडे आले आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. के. विश्वनाथ नेमके कोण? त्यांना ‘कलातपस्वी’ का म्हणतात?

काशीनाथुनी विश्वनाथ यांचा जन्म १९ फेब्रुवारी १९३० रोजी आंध्रातील रेपल्ले परिसरात झाला. तेलुगू पद्धतीप्रमाणे घराण्याचे नाव आधी येते, म्हणून ‘के.’ हे आद्याक्षर वडिलांच्या नावाचे नसून काशीनाथुनी या घराण्याच्या नावाचे आहे. साडेचार दशकांच्या कारकिर्दीत त्यांनी तेलुगू आणि हिंदी मिळून पन्नासच्या आसपास चित्रपट दिग्दर्शित केले. १९९२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१६ या वर्षाचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना देण्यात आला. २ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले. ‘शंकराभरणम्’ प्रदर्शित झाला तोही २ फेब्रुवारीच, १९८० सालचा, आणि हा योगायोग त्यांच्या चाहत्यांच्या मनातून जात नाही.

‘कलातपस्वी’ ही लोकांनी दिलेली उपाधी आहे. संगीत, नृत्य आणि लोककला यांना त्यांनी चित्रपटात केवळ गाण्यापुरती जागा दिली नाही, तर कथेचा कणाच केले, म्हणून ती त्यांना चिकटली. मात्र त्यांना फक्त शास्त्रीय कलांचे दिग्दर्शक समजणे अपुरे आहे, असे मला ठामपणे वाटते. त्याचे कारण प्रश्न ९ मध्ये सविस्तर दिले आहे.

२. ते थेट दिग्दर्शक झाले, की आधी दुसरे काही करत होते?

त्यांनी सुरुवात मद्रासच्या वाहिनी स्टुडिओत ध्वनिविभागात केली. त्या काळी तेलुगू चित्रपटांचे बहुतेक काम मद्रासमध्येच चालत असे. पुढे ते अदुर्ती सुब्बाराव या नामवंत दिग्दर्शकांकडे सहायक झाले आणि १९६० च्या दशकाच्या मध्यात ‘आत्मगौरवम्’ हा त्यांचा स्वतंत्रपणे दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट आला. त्यात अक्किनेनी नागेश्वरराव नायक होते आणि त्याला राज्य सरकारचा नंदी पुरस्कार मिळाला.

ध्वनिविभागातील या उमेदवारीकडे बरेच लेखक एका ओळीत पाहून पुढे जातात, पण ती महत्त्वाची आहे. विश्वनाथ यांच्या चित्रपटांत पायातले घुंगरू, विहिरीवरचा पाऊस, घरात चाललेला रियाज हे आवाज प्रसंगाच्या मागे नसतात. पुष्कळदा प्रसंग त्यांच्यामुळेच उभा राहतो. हा कान स्टुडिओतल्या त्या वर्षांत तयार झाला असावा, असे मानायला पुरेशी जागा आहे.

३. ‘शंकराभरणम्’च्या आधी त्यांनी काय केले होते?

पुष्कळ केले होते. ‘चेल्लेलि कापुरम्’, ‘शारदा’, ‘ओ सीता कथा’, ‘जीवनज्योती’ हे १९७० च्या दशकातील त्यांचे चित्रपट कौटुंबिक आणि स्त्रीकेंद्री आहेत. वळण आले ते १९७६ च्या ‘सिरिसिरिमुव्वा’ने. त्यात एक मुकी मुलगी नृत्याची ओढ बाळगते आणि वाद्य वाजवणारा एक साधा तरुण तिच्या पायांना आधार देतो. बोलता न येणाऱ्या माणसाची कला हीच त्याची भाषा होते, हे त्यांचे आवडते सूत्र तेथे प्रथम स्पष्टपणे दिसते. ती मुलगी जयाप्रदा यांनी आणि तो तरुण चंद्रमोहन यांनी साकारला होता.

४. ‘सरगम’मधले ‘डफलीवाले’ त्यांच्याच चित्रपटातले, हे खरे का? त्यांनी हिंदीत आणखी काय केले?

होय. १९७९ चा ‘सरगम’ ही ‘सिरिसिरिमुव्वा’ची हिंदी आवृत्ती असून ती स्वतः विश्वनाथ यांनीच दिग्दर्शित केली. नायक ऋषी कपूर होते आणि जयाप्रदा यांचे हिंदीतले पदार्पण याच चित्रपटाने झाले. भूमिका मुक्या मुलीची असल्यामुळे भाषेची अडचण आपोआप दूर झाली. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांना या चित्रपटाच्या संगीतासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रात लग्नाच्या वरातीत आणि गणेशोत्सवाच्या मांडवात वाजून वाजून तोंडपाठ झालेल्या त्या गाण्यामागे एक तेलुगू दिग्दर्शक आहे, हे अनेकांना ऐकून नवल वाटते.

त्यानंतर त्यांनी आपल्या तेलुगू चित्रपटांवरून हिंदीत ‘कामचोर’, ‘शुभकामना’, ‘जाग उठा इन्सान’, ‘संजोग’, ‘सुर संगम’ आणि ‘ईश्वर’ हे चित्रपट केले. माधुरी दीक्षित आणि जॅकी श्रॉफ यांचा ‘संगीत’ आणि अजय देवगण यांचा ‘धनवान’ हेही त्यांचेच. ‘सुर संगम’ म्हणजे ‘शंकराभरणम्’चे हिंदी रूप. त्यात कर्नाटक संगीताच्या जागी हिंदुस्थानी संगीत आले, गिरीश कर्नाड पडद्यावर गायक झाले आणि त्यांच्यासाठी राजन-साजन मिश्र या बंधूंनी आवाज दिला. मूळ तेलुगू चित्रपटाची धग हिंदीत कमी झाली, असे माझे मत आहे, पण त्यातले गाणे मन लावून ऐकण्यासारखे आहे.

५. ‘शंकराभरणम्’मध्ये एवढे विशेष काय? म्हातारा गवई आणि कर्नाटक संगीत यावर चित्रपट चाललाच कसा?

तेव्हाही हाच प्रश्न विचारला गेला होता. नायक जे. व्ही. सोमयाजुलू हे महसूल खात्यातील अधिकारी आणि रंगभूमीवरचे नट होते. चित्रपटाच्या जाहिरातीवर त्यांच्या नावाने तिकीट विकले जाण्याची शक्यता नव्हती. नायिका मंजू भार्गवी हिच्या वाट्याला संवाद फार थोडे होते. तरीही एडिद नागेश्वरराव या निर्मात्याने हे धाडस केले. सुरुवातीला तुरळक असलेला प्रेक्षक हळूहळू वाढत गेला आणि पुढे तमिळनाडू व कर्नाटक येथेही लोकांनी तो मूळ तेलुगूतच पाहिला.

कथा शंकरशास्त्री या मानी कर्नाटक गायकाची आणि तुलसी या मुलीची आहे. तुलसी गणिकेच्या घरात जन्मलेली, संगीत आणि नृत्य यांच्या ओढीने शास्त्रींना मनोमन गुरू मानणारी. शास्त्री तिला आश्रय देतात, तेव्हा गाव त्यांच्यापासून दूर जाते. गोव्यातील कलावंत घराण्यांचा इतिहास माहीत असलेल्या वाचकाला हा ताण समजावून सांगावा लागणार नाही. ज्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या कला जपली, त्यांनाच समाजाने उंबऱ्याबाहेर ठेवले, ही गोष्ट चित्रपटाच्या केंद्रस्थानी आहे.

एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. शास्त्रींच्या मुलीला शिकवायला आलेला मास्तर ‘ब्रोचेवारेवरुरा’ ही खमास रागातील कृती उडत्या, हलक्या ढंगाने शिकवत असतो. ती ऐकून शास्त्री संतापतात आणि परमेश्वराला घातलेली आर्त हाक अशी खेळवायची नसते, हे खडसावून सांगतात. मग तीच ओळ ते स्वतः गातात आणि फरक कानाला आपोआप कळतो. रागाचे व्याकरण माहीत नसलेल्या प्रेक्षकालाही काय बिघडले होते आणि काय सुधारले, हे दोन मिनिटांत समजते. संगीत नाटकाची सवय असलेल्या मराठी प्रेक्षकाला तर हा प्रसंग फारच जवळचा वाटतो. शास्त्री नव्या संगीताचे शत्रू नाहीत, हेही लक्षात घ्यावे, कारण गिटार घेऊन थट्टा करणाऱ्या तरुणांना ते त्यांचीच चाल स्वरांत गाऊन दाखवतात.

६. सोमयाजुलू स्वतः गायले होते का?

नाही. आवाज एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचा आहे आणि त्यांनी कर्नाटक संगीताचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते, ही गोष्ट गाणी ऐकताना पटत नाही. संगीतकार के. व्ही. महादेवन हे आधी शब्द हाती घेऊन त्यांवर चाल बांधणारे होते, आणि गीतकार वेटुरी यांच्या शब्दांना या पद्धतीने पूर्ण न्याय मिळाला. महादेवन, बालसुब्रह्मण्यम आणि वाणी जयराम या तिघांनाही या चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

वाणी जयराम मराठी श्रोत्यांना परक्या नाहीत. वसंत देसाई यांच्या चालीवर ‘ऋणानुबंधाच्या’ हे नाट्यपद कुमार गंधर्वांसोबत गाणारा आवाज त्यांचाच. विश्वनाथ यांच्या निधनानंतर दोनच दिवसांनी, ४ फेब्रुवारी २०२३ रोजी, त्यांचेही निधन झाले.

७. काही ठिकाणी ‘शंकराभरणम्’चे साल १९७९ लिहिलेले असते, तर काही ठिकाणी १९८०. बरोबर कोणते?

प्रदर्शनाचे साल १९८०. राष्ट्रीय पुरस्कार मात्र सेन्सॉर प्रमाणपत्राच्या वर्षावरून ठरतात, म्हणून तो १९७९ च्या पुरस्कारांत मोडला आणि सर्वांगसुंदर मनोरंजन देणारा लोकप्रिय चित्रपट या गटात गौरवला गेला.

८. त्यांच्या सगळ्या चित्रपटांची नावे ‘एस’ने सुरू होतात, हे खरे का?

बरीचशी होतात, सगळी नाहीत. ‘आपद्बांधवुडु’, ‘जननी जन्मभूमी’ आणि ‘चिन्नब्बायी’ हे ठळक अपवाद आहेत. शिवाय हा ‘एस’ फक्त रोमन लिपीत दिसतो. तेलुगूत, मराठीप्रमाणेच, स आणि श ही वेगळी अक्षरे आहेत. ‘सप्तपदी’, ‘सागरसंगमम्’, ‘सिरिवेन्नेला’, ‘स्वर्णकमलम्’ ही नावे एका बाजूला आणि ‘शंकराभरणम्’, ‘शुभलेख’, ‘श्रुतिलयलु’, ‘शुभसंकल्पम्’ ही दुसऱ्या बाजूला पडतात.

९. ते फक्त शास्त्रीय संगीत आणि नृत्यावरच चित्रपट करत होते का?

हा समज सर्वांत जास्त पसरलेला आहे आणि त्यामुळे त्यांचे अर्धे काम नजरेआड होते. ‘स्वयंकृषी’ (१९८७) चा नायक चांभार आहे. ‘शुभलेख’चा नायक हॉटेलात वेटर आहे. ‘आपद्बांधवुडु’मध्ये तो गुरे सांभाळणारा गवळी आहे, तर ‘शुभसंकल्पम्’मध्ये कोळी. ‘सूत्रधारुलु’ (१९८९) ही हरिदास आणि नंदीबैलवाल्यांच्या कुटुंबांची गोष्ट आहे. आपल्याकडे दारोदार नंदीबैल घेऊन फिरणाऱ्या तिरमाळी समाजाची घरची बोली तेलुगूच आहे, त्यामुळे हा चित्रपट मराठी प्रेक्षकाने आवर्जून पाहावा. त्याला उत्कृष्ट तेलुगू चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आहे.

गवई, नर्तक, चांभार आणि नंदीबैलवाला यांना एकत्र ठेवून पाहिले की विश्वनाथ यांचा खरा विषय हाती लागतो. माणसाच्या हातातली, गळ्यातली किंवा पायातली विद्या आणि त्या विद्येचा मान हा तो विषय. ‘स्वयंकृषी’तला सांबय्या चपला शिवतो तेव्हा कॅमेरा त्याच्या कामाकडे ज्या आदराने पाहतो, त्याच आदराने तो शंकरशास्त्रींच्या तंबोऱ्याकडे पाहतो. स्वतः विश्वनाथ चित्रीकरणाच्या वेळी खाकी कपडे घालत आणि सेटवर आपणही कामगारच आहोत, अशी त्यामागची त्यांची भूमिका होती. मारधाडीच्या चित्रपटांनी लोकप्रिय झालेल्या चिरंजीवी यांना त्यांनी चांभार आणि गवळी केले, आणि त्या दोन्ही भूमिकांसाठी चिरंजीवींना नंदी पुरस्कार मिळाला.

विद्येचा मान राखला गेला नाही तर काय होते, हेही त्यांनी दाखवले. ‘स्वर्णकमलम्’मधील मीनाक्षीला वडिलांकडून आलेले कुचिपुडी नकोसे झाले आहे, कारण त्या कलेने घरात दारिद्र्याशिवाय काही आणलेले तिने पाहिलेले नाही. तिचा राग चित्रपट खोटा ठरवत नाही. ‘स्वातिकिरणम्’मध्ये गुरूच शिष्याच्या गळ्याचा मत्सर करू लागतो आणि त्याचा शेवट त्या मुलाच्या मृत्यूत होतो. मामुट्टी यांनी साकारलेला हा गुरू शंकरशास्त्रींची काळी बाजू आहे, आणि दोन्ही चित्रपट एकाच दिग्दर्शकाने केले, ही मला त्यांच्या प्रामाणिकपणाची मोठी खूण वाटते.

१०. कमल हासन यांच्यासोबतचे चित्रपट कोणते? ‘सलंगै ओली’ वेगळा चित्रपट आहे का?

‘सागरसंगमम्’ (१९८३), ‘स्वातिमुत्यम्’ आणि ‘शुभसंकल्पम्’ (१९९५) हे तीन. ‘सलंगै ओली’ हे ‘सागरसंगमम्’च्या तमिळ डब आवृत्तीचे नाव आहे आणि ‘सिप्पिक्कुळ मुत्तु’ हे ‘स्वातिमुत्यम्’च्या. हे वेगळे चित्रपट नाहीत.

‘सागरसंगमम्’चा नायक बालू हा असामान्य नर्तक, पण त्याच्या वाट्याला रंगमंच आला नाही आणि अखेर दारू आली. त्याच्या कलेची कदर करणारी माधवी त्याच्यासाठी दिल्लीच्या नृत्यमहोत्सवाची पुस्तिका आणते. तो एकेक पान उलटत मोठमोठ्या कलाकारांची छायाचित्रे भक्तिभावाने पाहत जातो आणि एका पानावर त्याला स्वतःचेच छायाचित्र दिसते. पुढे अनेक वर्षांनी, दारूच्या नशेत, तो भर पावसात विहिरीच्या कठड्यावर नाचतो. माधवी आता विधवा आहे, पण त्याला दुःख होऊ नये म्हणून कपाळाला कुंकू लावून आली आहे. पावसाने ते कुंकू पुसले जाऊ नये म्हणून बालू तिच्या कपाळावर हाताचा आडोसा धरतो. तिचे सौभाग्य राखतो आहे असे त्याला वाटते, आणि ते आधीच गेलेले आहे हे फक्त तिला व आपल्याला ठाऊक असते. भारतीय चित्रपटात हातांच्या मुद्रांवर पुष्कळ काम झाले आहे, पण इतकी साधी आणि इतकी भेदक मुद्रा क्वचितच दिसते. या चित्रपटासाठी इळैयराजा आणि बालसुब्रह्मण्यम यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

११. त्यांना ऑस्कर मिळाले होते का?

नाही. ‘स्वातिमुत्यम्’ ही ५९ व्या ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका होती, परंतु तिला नामांकन मिळाले नाही. २०२३ मध्ये ऑस्कर मिळालेले तेलुगू गाणे एस. एस. राजामौली यांच्या चित्रपटातले आहे.

१२. ‘रुद्रवीणा’, ‘मेघसंदेशम्’ आणि ‘आनंदभैरवी’ हे त्यांचेच ना?

तिन्ही नाहीत. ‘रुद्रवीणा’ के. बालचंदर यांचा, ‘मेघसंदेशम्’ दासरी नारायणराव यांचा आणि ‘आनंदभैरवी’ जंध्याला यांचा. जंध्याला यांनी ‘शंकराभरणम्’चे संवाद लिहिले होते, त्यामुळे शेवटच्या चित्रपटाबाबत होणारी गल्लत समजण्यासारखी आहे.

१३. त्यांच्या चित्रपटांत ब्राह्मणी परंपरेचे उदात्तीकरण आहे, ही टीका योग्य आहे का?

तिला आधार आहे आणि ती बाजूला सारू नये. पूजनीय गुरू बहुतेक वेळा ब्राह्मण असतो, अग्रहार (ब्राह्मणवस्ती) आणि देऊळ सुंदर प्रकाशात दिसतात, आणि स्त्रीचे सोसणे अनेकदा कथेला पुढे नेण्यासाठी वापरले जाते. ‘शंकराभरणम्’मधील तुलसीवरचा अत्याचार हे त्याचे उदाहरण. ‘स्वातिमुत्यम्’मध्ये बालबुद्धीचा शिवय्या एका विधवेच्या गळ्यात देवळात अचानक मंगळसूत्र बांधतो. हेतू कितीही निर्मळ असला तरी तिला कोणी विचारलेले नसते, आणि आजच्या प्रेक्षकाला तेथे अडखळायला होते. ते अडखळणे योग्यच आहे.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडायला हवी. ‘सप्तपदी’ (१९८१) मध्ये कर्मठ आजोबांच्या नातीचे लग्न नात्यातल्या पुजाऱ्याशी लावले जाते, पण तिचे मन एका दलित बासरीवादकावर असते. नवऱ्याला तिच्यात देवीच दिसते आणि तो तिला पत्नी मानू शकत नाही. अखेर ते आजोबाच शास्त्रांचा नवा अर्थ स्वतःशी लावतात आणि नातीला तिच्या माणसासोबत पाठवतात. या चित्रपटाला राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा नर्गिस दत्त पुरस्कार मिळाला. विश्वनाथ परंपरा मोडत नाहीत. परंपरेतल्याच माणसाला ते दार उघडायला लावतात. हा मार्ग पुरेसा आहे का, यावर दोन प्रामाणिक मते असू शकतात. माझ्या मते तो अपुरा आहे, पण तेलुगू व्यावसायिक चित्रपटात १९८१ साली तो धाडसी होता.

१४. ‘सिरिवेन्नेला’ हे गीतकाराचे नाव आहे की चित्रपटाचे?

आधी चित्रपटाचे. १९८६ च्या या चित्रपटात नायक आंधळा बासरीवादक आहे आणि त्याच्या जीवनात आलेली चित्रकार मुलगी मुकी आहे. गीते लिहिणारे सीताराम शास्त्री या चित्रपटाने इतके गाजले की चित्रपटाचेच नाव त्यांच्या नावाआधी कायमचे लागले. बासरी पंडित हरिप्रसाद चौरसिया यांची आहे. नायक सर्वदमन बॅनर्जी यांना मराठी घरांनी पुढे रामानंद सागर यांच्या मालिकेतील श्रीकृष्ण म्हणून ओळखले.

१५. नंतरच्या काळात ते दिग्दर्शन सोडून अभिनय करू लागले का?

दिग्दर्शन त्यांनी सोडले नाही, पण त्याचा वेग कमी झाला. ‘शुभसंकल्पम्’मध्ये ते प्रथम पडद्यावर आले आणि पुढे तेलुगू व तमिळ चित्रपटांत वडीलधाऱ्यांच्या भूमिकांत स्थिरावले. ‘स्वराभिषेकम्’ (२००४) ला उत्कृष्ट तेलुगू चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘शुभप्रदम्’ (२०१०) हा त्यांनी दिग्दर्शित केलेला शेवटचा चित्रपट.

१६. तेलुगू अजिबात येत नाही. कोठून सुरुवात करावी?

‘सागरसंगमम्’पासून करावी, कारण त्यातले मुख्य प्रसंग देहबोलीवर उभे आहेत. नंतर ‘स्वर्णकमलम्’, मग ‘शंकराभरणम्’. ‘स्वातिकिरणम्’ आधी पाहू नये. ‘शंकराभरणम्’मधला गुरू ओळखीचा झाल्यावरच त्याचा घाव जाणवतो. हिंदी आवृत्त्यांपासून सुरुवात करण्याचा मोह टाळावा (प्रश्न ४ पाहावा).

१७. ‘शंकराभरणम्’च्या शेवटी शास्त्री त्या मुलाच्या पायात तोडा का घालतात? आणि नावाचा अर्थ काय?

शंकराभरणम् हे कर्नाटक संगीतातील रागाचे नाव आहे. त्याचे स्वर आपल्या बिलावल थाटाचे. शंकरशास्त्रींची ख्यातीही याच रागाची. शब्दशः अर्थ घेतला तर शंकराचे आभरण म्हणजे साप. तुलसीचा मुलगा अत्याचारातून जन्मलेला आहे, जगाच्या नजरेत तो विषारी वारसा आहे. पण शंकराच्या गळ्यात गेलेला साप अलंकार होतो, आणि तुलसी त्या मुलाला शास्त्रींच्या घरी शिष्य म्हणून पाठवते, ते याच आशेने.

अखेरच्या मैफलीत शास्त्रींचा आवाज मध्येच थांबतो, तेव्हा तो मुलगा उभा राहून गाणे पुढे नेतो. गंडपेंडेरम् म्हणजे श्रेष्ठ विद्वानाच्या पायात घातला जाणारा मानाचा तोडा. शास्त्री आपला तोडा त्याच्या पायात घालतात, म्हणजे जात, कूळ आणि रक्त यांपैकी काहीही न पाहता विद्येचा वारस जाहीर करतात. तो मुलगा पडद्यावर साकारला आहे एका लहान मुलीने, तिचेही नाव तुलसीच. पुढे मोठी झाल्यावर तिने कित्येक तेलुगू चित्रपटांत आईच्या भूमिका केल्या.